डावा हात

"समजलं का?" असं अकोटवाले सर कधीच विचारत नसत. ते विचारायचे, "कुठवर समजलं?"

विचारताना मान जराशी कलती करायचे, हातातला खडू सुताराच्या पेन्सिलीसारखा कानावर खोचायचे आणि उत्तराची वाट बघत उभे राहायचे. त्यामुळे त्यांच्या कानावरचे केस वयानं पांढरे झालेत की खडूनं, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. ते वाट बघणं फार जड जायचं. त्यांना नव्हे, समोरच्याला. तुम्हीही शाळेत गेलेले आहात, तुम्हाला ठाऊक आहे. "समजलं का?" म्हटलं की चाळीस पोरांनी एका सुरात "होऽऽ" म्हणायचं आणि गुरुजींनी फळा पुसायचा, असा आपल्याकडे पूर्वापार करार आहे. "कुठवर समजलं?" याला मात्र "हो" म्हणता येत नाही. मी म्हणून पाहिलं आहे.

मी तेव्हा अकोट ते अमरावती रस्त्यावरच्या एका गावात माध्यमिक शाळेत गणित शिकवत होतो. नोकरीला अठरा वर्षं झाली होती. अठरा वर्षांत मी इतकी प्रशिक्षणं केली होती की कुठल्या प्रशिक्षणात आलुबोंडा मिळतो आणि कुठल्यात नुसताच चहा, हे मला तोंडपाठ होतं. सही करायची, मागच्या रांगेत पंख्याखाली जागा धरायची आणि जेवणानंतर मान छातीवर टाकायची. एक दिवस कार्यालयातून पत्र आलं. महिन्यातल्या दोन शनिवारी अमरावतीला गणित शिक्षकांचा गट जमेल, विषय 'प्रभुत्व अध्यापन', मार्गदर्शक म्हणून अकोटच्या एका शाळेतले सर. मंजुरी एक वर्षाची. हजर राहणं बंधनकारक.

आम्ही बारा जण होतो. सगळेच एकमेकांना 'सर' म्हणणारे, म्हणून यांचं नाव अकोटवाले सर पडलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी पत्रातला तो शब्द वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "प्रभुत्व बिभुत्व मोठे लफ्ज हायत," ते म्हणाले. "आपन एवढंच करू. एका पायरीवर सगळे पोट्टे चढले, का मंग दुसरी पायरी. दोघं खाली राह्यले, तं आपन बी खाली."

मग त्यांनी फळ्यावर लिहिलं: पाऊण भागिले पाव. आणि माझ्याकडे वळले. "सर, करा."

मी झटक्यात केलं. दुसरा अपूर्णांक उलटा केला, भागाकाराचा गुणाकार केला, उत्तर तीन.

"उलटा काहून केला?"

"नियम आहे."

"कोनाचा नियम?"

"पुस्तकातला."

"पुस्तकवाल्यानं कोनाले इचारलं असन?"

गट हसला. मी हसलो नाही. अठरा वर्षं मी पोरांना अपूर्णांक उलटे करायला लावले होते, आणि ते का उलटायचे हे मला ठाऊक नव्हतं, हे मला त्या क्षणी बारा जणांसमोर कळलं. राग आला. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली, तिच्या चार घड्या घातल्या, एक घडी फाडून टाकली आणि उरलेल्या पाऊण पट्टीत पाव किती वेळा बसतो ते बोटानं मोजलं. तीन वेळा. शेजारच्या बाईनं मला वेड्यात काढलं असणार. मला मात्र इतका आनंद झाला की माझं गाव मागे गेलं आणि मी पुढच्या थांब्यावर उतरलो.

त्यांच्या पद्धतीत पाठ पाहायचा नसायचा, पोरगं पाहायचं. आमच्यापैकी एकानं खऱ्या वर्गावर शिकवायचं आणि बाकीच्यांनी पोरांच्या बाकावर, एकेका पोराशेजारी, बसायचं. शिक्षक काय बोलला याची नोंद नको. आपलं पोरगं कुठं अडलं, कधी खिडकीबाहेर पाहायला लागलं, खोडरबर कधी उचललं, एवढंच सांगायचं. पन्नाशीचे, पोट सुटलेले शिक्षक त्या लहान बाकांत अडकून बसायचे. सर स्वतःही बसायचे, आणि उठताना नेहमी शेजारच्या पोराचा हात मागायचे.

त्यांचे वडील गाद्या भरत. एकदा कुणीतरी विचारलं, चाळीसातल्या पाच पोरांसाठी पस्तिसांना का थांबवायचं? सर म्हणाले, "माहे अब्बा म्हनत, गादीच्या एका कोपऱ्यात रुई कमी पडली तं पुऱ्या गादीत तोच कोपरा आंगाले लागते. हे पाच पोट्टे पुढच्या साली कुठं जातीन? तुमच्याच वर्गात ना?"

एक वाक्य मात्र त्यांना सोसवत नसे. "पुढे समजेल." हे कुणी म्हणालं की त्यांचा चेहरा उतरायचा. "पुढं कोनाले समजलं, एक मानूस दाखवा मले," असं ते म्हणायचे.

आमच्या भागातली ती वर्षं वाईट होती. कापसाला भाव नव्हता, पावसाचा भरवसा नव्हता, आणि वर्तमानपत्राचं पहिलं पान उघडायला हात धजत नसे. वर्गात हे सगळं एकाच रूपात दिसायचं, रिकाम्या बाकांच्या. दिवाळी झाली की कापूस फुटायचा. मजूर लावणं परवडत नव्हतं, म्हणून घरचेच वेचायला जायचे आणि पोरी शाळेतून गळायच्या. आम्ही हजेरीवर गैरहजेरीची खूण करून पुढचा धडा सुरू करायचो. आमचा पोर्शन पुरा व्हायचा आणि पोरी परत आल्या की फळ्याकडे परक्या गावात आल्यासारख्या बघायच्या.

सरांनी आमच्यासमोर वर्षाचं नियोजन उलगडलं आणि वेचणीच्या आठवड्यांवर लाल पेन्सिलीनं रेघ मारली. "या दिवसाइत नवीन काही शिकवाचं नाई. जे हाजर हायत त्याइले जुनंच पक्कं करा. नवीन धडा पोरी आल्यावर." आम्ही म्हणालो, वरून विचारलं तर? ते म्हणाले, "सांगा, कापूस वेचनं चालू हाय." इतकी वर्षं इथं राहून ही साधी गोष्ट कुणाला सुचली नव्हती.

आता माझी गोष्ट सांगायला हवी. ती टाळून सरांबद्दल लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं.

मंजुरीचं वर्ष संपत आलं तसं कळलं की गट पुढे चालवायचा की नाही हे ठरवायला एक अधिकारी येणार आणि कुणा एकाचा पाठ पाहणार. सर कधी काही मागणारे नव्हते, पण त्या शनिवारी ते आम्हाला म्हणाले, "निवृत्तीले माहे पाच साल राह्यले. हा गट राह्यला पायजे. मले याच्यातून उठाचं नाई." असं बोलताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं. पाठासाठी मी माझं नाव दिलं. मला खरंच वाटलं होतं की मी त्यांच्यासाठी काहीतरी करतो आहे.

अधिकाऱ्यांनी तारीख दिली ती ऐन वेचणीतली. माझ्या आठवीचा वर्ग अर्धा रिकामा होता. अर्ध्या वर्गासमोर पाठ कसा घ्यायचा? मी आदल्या दिवशी घरोघर फिरलो. एका पोरीची आई दारातच म्हणाली, "सर, कापूस फुटून राह्यला. पोट्टी एक दिस नाई आली तं तेवढा खाली पडते. मजूर कुठून आनू मी?" मी म्हणालो, एकच दिवस, मोठे साहेब येताहेत. त्या बाईनं खांद्यावरची कापसाची झोळी काढून उंबरठ्यावर ठेवली. मग म्हणाली, "तुमी म्हनता तं धाडतो."

सगळ्या आल्या. पण पट्ट्यांनी अपूर्णांकांचा भागाकार मी शिकवला तेव्हा यातली एकही वर्गात नव्हती. तेव्हा मी तेच केलं जे माझ्या गुरुजींनी केलं होतं आणि त्यांच्याही गुरुजींनी केलं असेल. शिक्षकांना ही युक्ती कुणी शिकवावी लागत नाही. सकाळी प्रार्थनेनंतर मी वर्गाला सांगितलं, "मी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. मी उजव्यांनाच विचारीन." पोरं हुशार, एका दमात समजली. त्या सकाळी "कुठवर समजलं?" विचारायची गरजच पडली नाही.

अधिकारी जीपमधून आले आणि खुर्चीवर बसले. गटातून एकटे सरच आले होते, ते नेहमीप्रमाणे मागच्या बाकावर एका पोरीशेजारी जाऊन बसले. मी फळ्यावर लिहिलं: दोन भागिले एक तृतीयांश. "कोण सांगेल?"

चाळीस हात वर. अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मी एका मुलीला उठवलं. "सहा." आणखी एकाला. "सहा, सर." अधिकाऱ्यांनी वहीत काहीतरी लिहून पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात मागं सरांनी शेजारच्या पोरीला हळूच काहीतरी विचारलं, तिनं सांगितलं, आणि सर उठले. शेजारच्या पोरीचा हात धरून उठले, नेहमीसारखेच. "साहेब, पाच मिनिटं द्या," ते म्हणाले. "या वर्गाची एक पद्धत आहे. ज्याला येतं तो उजवा हात वर करतो, ज्याला येत नाही तो डावा. सरांनी पुन्हा एकदा विचारावं."

विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी विचारलं, आणि पोरांनी सकाळी सांगितल्याबरहुकूम हात वर केले. एका पोराला इतकी भीती वाटली की त्यानं दोन्ही केले. डावे हात सतरा होते. मी तेव्हा मोजले नाहीत, सरांनी मोजले.

"एवढ्यांना येत नाही?" अधिकारी म्हणाले.

"हो साहेब. एरवी हे परीक्षेनंतर कळतं. आज आधी कळलं."

मग ते आपल्या बाकावरच्या पोरीकडे वळले. आईनं "धाडतो" म्हटलेली तीच ती. खडू कानावर गेला. "बेटा, कुठवर समजलं?"

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. सरांनी पाहिलं नाही. शेवटी ती इतकंच म्हणाली, "भागलं का कमी होते ना सर? दोनाले भागलं तं सहा कसे आले? वाढले कसे?"

अठरा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. कुणाला पडला नसेल असं नाही.

"लय मोठी गोष्ट इचारली तू," सर म्हणाले. "दोन भाकरी हायत. एकेकाले एक देल्ली, किती जन जेवले?"

"दोघं."

"अर्धी अर्धी देल्ली तं?"

"चौघं."

"आता एका भाकरीचे तीन हिस्से कर. एकेकाले एक हिस्सा."

पोरीनं बोटांवर मोजलं, थांबली, पुन्हा मोजलं. "सहा," ती म्हणाली आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "हिस्सा लहान झाला, म्हनून मानसं वाढले."

"हे बाकीच्याइले तूच सांग," सर म्हणाले. आणि ती फळ्याशी गेली. पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. डावे हात एकेक करून उजवे होत गेले, शेवटचे दोन सोडून, आणि त्या दोघांसाठी सर पुन्हा बाकावर जाऊन बसले.

जाताना अधिकारी म्हणाले, "चांगलं आहे. पण हे सहावीचं झालं. आठवीचा अभ्यासक्रम कुठे आहे?"

"इथून पुढं, साहेब," सर म्हणाले.

एसटीची वाट बघत आम्ही दोघं चहाच्या टपरीवर बसलो. मी म्हणालो, "सर, ते हातांचं..."

"चहा घ्या. थंडा होऊन राह्यला."

त्यांनी आपला चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "ते पोट्टी वेचनं सोडून आली. तिच्या मायनं आपल्याले एक दिवस देल्ला. तिले तशीच वापस कशी धाडू?"

"आणि गट?"

"गट गेला तं मले लय दुख होईन," ते म्हणाले. एवढंच. तेवढ्यात एसटी आली आणि ते पिशवी सावरत चढले.

महिन्याभरात पत्र आलं. सदर उपक्रम पुढील आदेश होईपर्यंत स्थगित. पुढील आदेश काही झाला नाही.

शेवटच्या शनिवारी सरांनी गटाला एकच गोष्ट शिकवली. डावा हात. येत नाही हे सांगायलाही हात वर करायचा, त्यासाठी एक हात राखून ठेवायचा, आणि शिक्षकानं आधी त्या हातांकडे जायचं. "हे मी माह्या डोक्यातून नाई काढलं," ते म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. "या सराइच्या वर्गात पाह्यलं." अकरा शिक्षकांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. सर चिमटा काढत होते की मला अब्रूनं घरी पाठवत होते, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं. तिथं नेहमीचं वाट बघणं होतं. बोलायची तीच वेळ होती. मी खाली पाहून हसलो, विनयशील माणूस हसतो तसा. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

पुढं त्यांच्या शाळेचा पट घसरला. लोक गावं सोडून अकोला, अमरावती, पुणे करत होते. एक तुकडी बंद पडली आणि सर अतिरिक्त ठरले. त्यांचं समायोजन थेट दुसऱ्या जिल्ह्यात, अमरावतीच्याही पलीकडे, कौंडण्यपूरकडच्या एका शाळेत झालं. एका कार्तिकात मी तिथल्या यात्रेला गेलो तेव्हा नदीकाठी भेटले. पन्नाशी उलटून गेलेला माणूस खोली घेऊन एकटा राहत होता, पण पहिली बातमी दिली ती अशी, "इथं वेचनी उशिरा सरते. नियोजन पुरं बदललं मी." त्या दिवशीही मी बोललो नाही. यात्रेची गर्दी होती, असं मी स्वतःला सांगितलं.

ते तिथूनच निवृत्त झाले आणि अकोटला परत येऊन दोन वर्षांत गेले. मी घरी भेटायला गेलो. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं. "घरी बी तेच होतं त्याइचं," त्या म्हणाल्या. "मी म्हनलं, तुमाले माहं बोलनं समजत नाई, तं इचारत, कुठवर नाई समजत?" आम्ही दोघंही हसलो आणि मग दोघांनाही हसणं जमेना. दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमीच का ते डाव्या हातवाले सर? लय नाव काढत तुमचं."

मी म्हणालो, "हो."

गेल्या वर्षी अमरावतीला नव्या पुस्तकाचं प्रशिक्षण होतं. माझ्या निवृत्तीला थोडेच महिने उरलेले, म्हणून मागची रांग आणि पंखा या दोन्हींवर माझा हक्क होता. शिकवणारा मुलगा तरतरीत होता. पडद्यावर एकामागून एक चित्रं सरकत होती. संभाव्यतेचं एक उदाहरण त्यानं सोडवलं, शेवटच्या तीन ओळी एका ओळीत उरकल्या आणि विचारलं, "समजलं ना सगळ्यांना?"

"होऽऽ," सगळा हॉल म्हणाला. बाहेर चहाच्या कपांचा आवाज यायला लागला होता.

मला समजलं नव्हतं. मी डावा हात वर केला.

"सर, बाहेर जायचंय का?" त्यानं विचारलं. लोक हसले.

"नाही," मी म्हणालो. "मला समजलं नाही."

"राहू द्या सर, पुढे समजेल." आणि त्यानं पुढचं चित्र लावलं.

मी हात खाली घेतला नाही. त्याच्या पुढचंही चित्र आलं. शेजारच्यानं माझा सदरा ओढला. दंड भरून आला, तेव्हा तो दंड मी दुसऱ्या हातानं धरला. शेवटी त्या मुलानं यंत्र थांबवलं आणि जरा वैतागूनच विचारलं, "बरं, कुठपर्यंत समजलंय तुम्हाला?"

त्याला काय ठाऊक. मी उभा राहिलो, आणि कुठवर समजलं होतं ते सगळ्यांसमोर खरं खरं सांगितलं.